फळीवर

टोपांची जाहिरात आधी केवलच्या फोनवर आली.
केसांचे टोप, तीन रंगांत, रावेरला घरपोच.
तो हसतच ओट्याशी आला,
"पाय व, काय दाखवू राह्यला हा!
माझं टक्कल याला कोनी सांगितलं?"
मी पोळी उलटली.
एक गाठ तपासायला जळगावला गेली होती,
रिपोर्ट यायचा होता,
आणि मी कोणाला म्हणजे कोणालाच सांगितलं नव्हतं.
फक्त या काचेच्या पाटीला विचारलं होतं,
रात्री दीड वाजता, पांघरुणात.
घराचं वायफाय एक,
म्हणून घरच एक गिऱ्हाईक.

अकरा वर्षं लॅबमध्ये लोकांचं रक्त सांभाळते मी.
नळीवर चिठ्ठी, रिपोर्ट पाकिटात, पाकिटाला डिंक.
गल्लीतल्या द्वारकाबाईंची साखर
मी त्यांच्या सुनेलासुद्धा सांगत नाही,
ती चहा पाजून विचारते तरी.

लॅबचा जुना लॅपटॉप भंगारात निघाला होता.
चारशेला घेतला. बिजागरी तुटकी,
'के'चं बटण गायब, तिथे टाचणी टोचायची.
शहाद्याहून हितेंद्र फोनवर सांगत गेला,
मावशी, काळ्या पडद्याला घाबरू नको,
तो विचारेल तेवढंच सांग.
हे मला पटलं.
तेवढंच विचारणारं
बरेच दिवसांत कोणी भेटलं नव्हतं.

पहिल्यांदा सगळं पुसलं गेलं, चौदा सालची बिलंसुद्धा.
दुसऱ्यांदा एक टिंब चुकलं.
तिसऱ्यांदा लाइट गेली, ती पहाटेच आली.
मग एका मंगळवारी, शेजारचे कूलर घुरघुरत असताना,
पान उघडलं आणि म्हणालं, स्वागत आहे.
पत्ता नुसते आकडे.
आमच्या चार भिंतींबाहेर
त्या आकड्यांना कुत्रं ओळखत नाही.

इतक्यात बाहेरचं दार उघडू नको, हितेंद्र म्हणाला,
आधी घरात रांगू दे. आणि दुसरी प्रत ठेव.
दुसरी प्रत मला काय शिकवतो,
नमुना फुटला की माणसाला पुन्हा सुई टोचावी लागते.
पेनड्राइव्ह डाळीच्या डब्यात गेला.

मे महिना. पारा सेहेचाळीस.
लॅपटॉप तव्यासारखा तापायचा, आपोआप बंद पडायचा.
केळी बाहेरदेशी जातात त्या खोक्याला
हवेसाठी भोकं असतातच,
त्यात बसवला, माठाशेजारच्या फळीवर.
आता फोटो तिथे, दूधवाल्याचा हिशेब तिथे,
जळगावचा रिपोर्ट तिथे.
फाइलचं नाव ठेवलं, भरताची वांगी.
पासवर्ड आईची एक शिवी आहे,
ती कागदावर लिहिण्यासारखी नाही.

म्हणजे सुटले असं नाही.
फोन अजून फोनच आहे,
परवा त्यानं विम्याचं विचारलं.
बँक, गॅस, लेकीचं कॉलेज,
सगळ्यांना माझा नंबर पाठ.
पण एक फळी माझी आहे.

आठ दिवस मी एकटीच तिथे जाऊन यायची,
वांगी उघडायची, मिटायची.
नवव्या दिवशी पडद्यावर
'नवीन वापरकर्ता' या शब्दांशी अडले.
जाहिरातीनं सांगण्याआधी मीच सांगायला हवं होतं
ते राहून गेलं होतं.
त्याच्या नावात पहिलंच अक्षर 'के'.
टाचणी सापडेना.

"काय शोधू राह्यली?"
टाचणी, म्हटलं.
त्यानं शर्टाच्या खिशावरची काढून दिली,
लग्नातल्या फुलाची राहिलेली, वाकडी.
मग मी पंखा बंद केला, स्टूल ओढलं,
त्याला खोक्यासमोर बसवलं.
तो म्हणाला, हे काय, केळी?
नाही, म्हटलं. वांगी.
वाच.